मुलाघ कोण होता?

२९ डिसेंबर २०२०. अ‍ॅडलेडला ३६ धावांत आपला खुर्दा उडाला होता, पण मेलबर्नची कसोटी आपण आठ गडी राखून जिंकलो. पहिल्या डावात ११२ धावा करणाऱ्या अजिंक्य रहाणेला पहिलंवहिलं ‘मुलाघ मेडल’ मिळालं. आपला मुंबईचा पोरगा! मी स्टेटस ठेवून मोकळा झालो. मुलाघ कोण, हे विचारायचं सुचलंच नाही.

ते सुचलं थेट मेलबर्नला गेल्यावर. स्टेडियमबाहेरच्या बागेत निलगिरीच्या कुळातल्या एका जुन्या झाडाच्या खोडावर लांबट व्रण आहे. होडी, ढाल, भांडं बनवायला इथले आदिवासी झाडाची साल काढत, त्याची ही खूण. झाड तोडायचं नाही, लागेल तेवढीच साल घ्यायची. मेलबर्न वसलं १८३५ साली. त्याआधी हजारो वर्षं ही जमीन वुरुंजेरी लोकांची होती.

याच मैदानावर १८६६च्या बॉक्सिंग डेला आदिवासी खेळाडूंचा संघ उतरला. पश्चिम व्हिक्टोरियातली, गोऱ्यांच्या मेंढवाड्यांवर राबणारी ही माणसं. दोन वर्षांनी असाच संघ इंग्लंडला गेला. परदेश दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा हा पहिला क्रिकेट संघ. ४७ सामने : १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. त्यांचा एक साथीदार, किंग कोल, क्षयाने लंडनमध्येच गेला. जॉनी मुलाघने दौऱ्यात १६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले.

मग त्यांचं जंगी स्वागत झालं असेल, असं वाटतं ना? १८६९मध्ये व्हिक्टोरियात कायदा आला. आदिवासींनी कुठं राहायचं, कुठं काम करायचं, त्यांच्या मुलांचं काय करायचं, हे सरकारी मंडळ ठरवू लागलं. कायद्याचं नाव मात्र आदिवासींच्या ‘संरक्षणा’चं. मुलाघ आपल्याच मुलखात राहिला आणि १८९१मध्ये तिथेच वारला.

रहाणेला मिळालेलं मेडल १८६८च्या संघाच्या पट्ट्यावरच्या बक्कलसारखं घडवलेलं आहे. हा मान उशिरा का होईना, मिळाला. पण ‘मुलाघ’ हे त्याचं नावच नव्हे, तो जिथे राबायचा त्या मेंढवाड्याचं ते नाव. त्याचं स्वतःचं नाव उनारिमिन.

आता ती मॅच पुन्हा बघतो, तेव्हा रहाणेचं शतक आहेच. पण मेडल देतानाचा क्षण आला की मनात म्हणतो : उनारिमिन.