साई भाजी
साई भाजी ही सिंधी समाजातील पारंपरिक पालेभाजी आहे. सिंधी भाषेत ‘साई’ म्हणजे हिरवी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या अनेक निर्वासितांना ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळील लष्करी छावणीत वसविण्यात आले. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंध दुरावला, तरी ही भाजी सिंधी घरांत टिकून राहिली. कारण पालक, चुका आणि हरभऱ्याची डाळ हे तिचे मुख्य घटक महाराष्ट्रातही सहज मिळतात. त्यांत गाजर, बटाटा, वांगे इत्यादी घालून शिजवतात व घोटतात. डाळीतून प्रथिने, तर पालेभाज्यांतून तंतुमय पदार्थ मिळतात. तळलेल्या दाल-पकवानच्या तुलनेत तिला तेल कमी लागते. ती प्रामुख्याने भाताबरोबर खातात. डाळ घातलेल्या मराठी पातळ भाजीशी तिचे साम्य आहे.