जबाबदार कोण आणि पैसे देणार कोण? : गाडीतल्या प्रवाशाचा कायदेशीर इतिहास

संशोधनाची तयारी करताना विषय लवकर सापडतो, घोडं अडतं ते प्रश्नापाशी. दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले की पुढचं सगळं काम भरकटतं. याचं एक चांगलं उदाहरण मोटार अपघातांच्या कायद्यात आहे. मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे कलमांची भाषा कमीच ठेवतो.

18 डिसेंबर 1960. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली मोटार झाडावर आदळली. गाडी रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची होती आणि चालवत होता कंपनीचा मॅनेजर. सोबत बसलेले एक गृहस्थ दगावले. कुटुंबाने भरपाई मागितली, तेव्हा मालक कंपनीने हात वर केले आणि उच्च न्यायालयात ती सुटलीही. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. मॅनेजर कंपनीच्या कामाच्या ओघात गाडी चालवत होता, म्हणून त्याच्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार. नीट चालवलेली गाडी सहसा झाडावर जात नाही, तेव्हा खुलासा गाडीवाल्यांनीच करायचा, असंही न्यायालयाने म्हटलं.

इथे पहिला प्रश्न सुटला. दुसरा मात्र उरला: पैसे देणार कोण? विमा कंपनीवर फक्त 15,000 रुपयांची जबाबदारी आली, बाकी मालकावर.

असं का? उत्तर 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आहे. त्यातली सक्तीच्या विम्याची तरतूद ब्रिटनच्या 1930 च्या कायद्याच्या वळणावर होती. रस्त्यावरच्या माणसाला विम्याचं संरक्षण होतं. गाडीच्या आतल्या माणसाला ते भाडं देऊन बसला असेल किंवा नोकरीच्या कामाने जात असेल, तरच. ओळखीने फुकट बसवलेला प्रवासी या सक्तीच्या बाहेर. ब्रिटनने 1971 च्या कायद्याने प्रवाशांचाही विमा सक्तीचा केला. आपल्याकडे तसं सरळ घडलं नाही.

1988 च्या नव्या कायद्यात जुनी अपवादाची ओळ दिसेना. मग मालट्रकमध्ये फुकट बसलेल्यांचं काय? 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत तेही आले, विमा कंपनीने पैसे द्यावेत. 2002 च्या डिसेंबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल चुकीचा ठरवला. त्यांचं एक कारण बघा: 1994 च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी हे शब्द मुद्दाम घातले. ते आधीपासूनच कायद्यात होते म्हटलं, तर दुरुस्तीची गरजच काय होती? 2004 मध्ये न्यायालयाने पुन्हा हेच सांगितलं, पण त्या प्रकरणात विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, अशी वाट काढली.

आता या सगळ्याकडे दोन चल म्हणून बघा. चालकाची चूक सिद्ध झाली आणि तो मालकाच्या कामावर असला, की मालकाची जबाबदारी बहुतेक ठरलेली. विम्याचं चल मात्र कायद्याच्या शब्दांनुसार आणि पॉलिसीनुसार हलत राहिलं. हा फरक कागदावरचा वाटेल, पण मालकाच्या नावावर फक्त एक जुना ट्रक असेल, तर त्याच्याविरुद्धचा हुकूम हातात घेऊन त्या घरातल्या बाईने काय करायचं? म्हणून तर विमा सक्तीचा झाला होता. ट्रकच्या टपावर बसून लग्नाला जाणारे लोक मात्र त्या सक्तीच्या बाहेरच राहिले.

तयारी म्हणून एक करा. असा कोणताही निकाल घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा: अपघाताची तारीख, त्या दिवशी लागू असलेला कायदा, पॉलिसीचा प्रकार, निकालाची तारीख. 1990 चा अपघात 2002 मध्ये निकाली निघाला, तरी 1994 चे शब्द त्याला लागत नाहीत. तारखांचा हा तक्ता आधी करा, निष्कर्ष नंतर लिहा.