डॉक्टर सखाराम अर्जुन : रखमाबाईंचे वडील

डॉ. रखमाबाईंचे नाव आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींच्या कानावर आलेले असेल. विलायतेत वैद्यकी शिकून आल्यावर 1895 पासून त्यांनी अनेक वर्षे सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात काम केले, आणि सुरत म्हणजे आपणा नंदुरबारकरांना काही परका गाव नव्हे. आपले व्यापारउदीम, आपली सोयरीक, आपली आजारी माणसे याच तापीकाठच्या लोहमार्गाने तिकडे जात आली आहेत. परंतु ही मुलगी ज्यांच्या घरात वाढली आणि ज्यांच्यामुळे तिला पुढे डॉक्टर होता आले, त्या डॉ. सखाराम अर्जुन यांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांचा थोडा परिचय करून घ्यावा, म्हणून हा लेख.

सखाराम अर्जुन यांचा जन्म 1839 सालचा. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली निघाले होते. तेथून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या काही पिढ्यांतील हे डॉक्टर. पुढे त्याच कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. इंग्रजी न येणाऱ्यांनाही ही विद्या मिळावी म्हणून त्यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तके लिहिली. त्यांत गर्भावस्था आणि बाळंतपण या विषयावरचे पुस्तकही होते. ज्या काळी बाळंतपण हा शब्द पुरुषमाणसांसमोर उच्चारण्याचीही चोरी होती, त्या काळी एका डॉक्टराने तो विषय मराठीत शास्त्रशुद्ध रीतीने मांडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

वनस्पतींचाही त्यांना मोठा नाद होता. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांनी केलेली सूची 1879 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. 1883 साली मुंबईत निसर्ग-इतिहासाचा अभ्यास करणारी जी संस्था स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत हिंदी गृहस्थ दोनच होते : एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे आपले सखाराम अर्जुन. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे.

आता त्यांच्या घराकडे वळू. जयंतीबाई नावाची एक स्त्री सतराव्या वर्षी विधवा झाली होती. पदरी रखमा नावाची लहान मुलगी. त्यांच्या सुतार समाजात विधवेने पुन्हा लग्न करण्याची चाल होती. त्याप्रमाणे सखाराम अर्जुन यांनी जयंतीबाईंशी लग्न केले आणि रखमेला पोटच्या मुलीसारखे वाढविले.

तरीसुद्धा रखमेचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. तिचे पती दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचे होते. इतका शिकलेला बाप, स्त्रीशरीराचे शास्त्र जाणणारा, आणि त्याच्या घरी हे कसे घडले, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो योग्यच आहे. रूढीची पकड अशीच असते. ती अडाण्याच्या घरात जशी, तशीच पंडिताच्या घरातही. मात्र दादाजींनी घरजावई होऊन राहावे, शिकावे आणि मार्गाला लागावे, असे तेव्हा ठरले होते.

पुढे काही महिन्यांतच रखमा वयात आली. रीतीप्रमाणे आता गर्भाधान व्हायचे. येथे मात्र डॉक्टर आडवे आले. इतक्या लहान वयात मुलीने पतीशी संसार सुरू करावा, याला त्यांनी संमती दिली नाही. त्यामागे वैद्यकाचे ज्ञान होते. मुलीची पाळी सुरू झाली म्हणजे तिचे शरीर मातृत्वाला तयार झाले, असे नव्हे. कमरेची हाडे पुरती वाढलेली नसतात. बाळंतपण अडते, आई दगावते, मूल अशक्त निपजते. सखाराम अर्जुन हे जाणून होते आणि आपल्याच उंबऱ्याच्या आत ते तसे वागले.

दादाजींना हे रुचले नाही. ते मामाकडे राहावयास गेले, शिक्षण तर राहूनच गेले. रखमा वडिलांच्या घरी पुस्तके वाचीत वाढली. 1884 साली दादाजींनी पत्नीवर हक्क सांगून मुंबई हायकोर्टात दावा लावला. त्या दाव्याचा पहिला निकाल 21 सप्टेंबर 1885 रोजी रखमाबाईंच्या बाजूने लागला. पण तो ऐकायला वडील नव्हते. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षाच्या आसपास, ते वारले होते.

निकालही टिकला नाही. अपिलात तो फिरला आणि 1887 च्या मार्चमध्ये रखमाबाईंना सांगण्यात आले की, पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. त्या म्हणाल्या, कैद पत्करली. अखेर 1888 साली पैसे देऊन तडजोड झाली आणि 1889 साली त्या लंडनला वैद्यकी शिकण्यास गेल्या. त्यांच्या खटल्याने देशभर वाद माजला. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले, त्यामागे या खटल्याने जागे केलेले लोकमतही होते.

भगिनींनो, आज कायद्याने मुलीचे लग्नाचे वय अठरा आहे. आपल्या नंदुरबारात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. तरीही धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि झोळीतली ती बाळंतीण कधी कधी स्वतःच सोळा-सतरा वर्षांची असते. सपाटीवरच्या गावांतही 'स्थळ चांगले आहे, उगाच कशाला थांबायचे' हे वाक्य आपण सर्वजणींनी ऐकलेले आहे.

अशा वेळी सखाराम अर्जुन यांचे उदाहरण उपयोगी पडते, कारण ते निर्दोष महात्म्याचे नाही. लग्नाच्या वेळी त्यांचे पाऊल चुकले. पण एकदा चुकले म्हणून पुढचेही चुकू द्यावे, असे त्यांनी मानले नाही. साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या, आता मागे कसे फिरायचे, असे म्हणणाऱ्या आईबापांना हे सांगावयास हवे. वेळ कधीच गेलेली नसते. मुलांच्या मदतीसाठी असलेला 1098 हा दूरध्वनी कोणालाही फिरविता येतो. त्यापूर्वी शेजारच्या घरी जाऊन चार शब्द बोलणे तर आपल्या हातातले आहे. बाळंतपणाचे शास्त्र त्यांनी मराठीत लिहिले ते आपणा मराठी बायामाणसांपर्यंत पोहोचावे म्हणून. ते पुढच्या घरापर्यंत नेण्याचे काम मंडळातील प्रत्येकीने या वर्षी अंगावर घ्यावे.