मनिऑर्डर, रेल्वे आणि मत : सावंतवाडीच्या लोकसभा मतदाराचा इतिहास

सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि चार वर्षांच्या आत तिथल्या रयतेने देशाचे सरकार निवडण्यासाठी मतदान केले. त्या पहिल्या निवडणुकीत शिक्का मारण्याची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने हातातला कागद पसंतीच्या पेटीत टाकायचा. अक्षरओळख नसलेल्यालाही चिन्ह कळत होते. चिन्हामागचा माणूस आणि त्या माणसामागचे धोरण कसे जोखायचे, हे मात्र मतदाराला हळूहळू अंगवळणी पडले. १९५७ ते २००४ या काळात सावंतवाडी तालुका राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. या मतदारसंघाने अर्ध्या शतकात देशातल्या लाटांना अनेकदा जुमानले नाही. त्याचे कारण इथल्या घरखर्चाच्या हिशेबात शोधावे लागते.

तांबडी माती, उतारावरची शेती, पावसावर येणारे भाताचे एकच पीक, परसात चार माडपोफळी, डोंगरावर काजू, आंबा आणि रातांबे ही इथली मिळकत. शहरात चितारआळीतली लाकडी खेळणी आणि गंजिफांचे काम प्रसिद्ध होते, पण त्यावर पोट भरणारी घरे मोजकी. घरचे भात वर्षभर पुरत नसे. त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईत असे : गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात, पोलिसात किंवा एखाद्या पेढीवर. गावाने त्याला नाव दिले चाकरमानी. तो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येई. एरवी त्याच्या जागी मनिऑर्डर येई.

भारतात मनिऑर्डरची सोय १८८० साली सुरू झाली आणि कोकणातल्या घरांची ती कमरेची गाठ बनली. पोस्टमन खळ्यात येऊन बसायचा, नोटा मोजून द्यायचा, फॉर्मवर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर, म्हणजे कुपनावर, लिहिलेल्या दोन-चार ओळी वाचून दाखवायचा. एवढ्याशा जागेत मुलाने सगळे बसवलेले असे : वाण्याची उधारी आधी फेडा, पावसाआधी घर शाकारून घ्या, धाकट्याची फी भरा. रक्कम तीच राहिली आणि तांदूळ महागला, की आर्थिक धोरण बिघडल्याचे घरातल्या बाईला त्याच दिवशी कळे. मुंबईतली नोकरी, रेशनवरचे धान्य आणि मुंबईला जाण्या-येण्याची वाट, या तीन गोष्टींवर सावंतवाडीचा मतदार दिल्लीचे राजकारण तोलत आला.

जमिनीचा प्रश्न चौथा. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याची तरतूद झाली. दक्षिण कोकणातल्या गावांत त्यामुळे जुने संबंध ढवळून निघाले. कायदा काँग्रेस सरकारचा होता, पण तो नीट अमलात यावा म्हणून कुळांच्या बाजूने गावोगाव फिरणाऱ्यांत समाजवादी कार्यकर्ते होते. एकाच प्रश्नाचे श्रेय दोन पक्षांकडे वाटले गेले.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढली गेली. ती भाषेची आणि अस्मितेची निवडणूक म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे. सावंतवाडीकडून पाहिले तर ती तितकीच पोटाची होती. मुंबई महाराष्ट्राबाहेर गेली, तर ज्या शहरातून मनिऑर्डर येते तेच शहर परके होणार, हे समजावून सांगायला मोठ्या सभेची गरज नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार बॅरिस्टर नाथ पै राजापूरमधून निवडून आले. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले नाथ पै १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले होते, पुढे लंडनमध्ये बॅरिस्टर झाले आणि परत येऊन प्रजासमाजवादी पक्षाचे काम करू लागले. १९६२ आणि १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच पाठवले.

या दोन निवडणुकांत काँग्रेसच्या बाजूने एक युक्तिवाद जोरकस होता. रस्ते, पूल, शाळा, वीज हे सगळे सरकारच्या हाती आहे, मग विरोधी बाकावर माणूस बसवून पदरात काय पडणार? हा प्रश्न पोकळ नव्हता आणि मतदारानेही तो झटकून टाकला नाही. त्याने निवडणुकांची वाटणी करून घेतली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि विहीर, साकव, शाळेची खोली यांची कामे तिथे मागता येऊ लागली. दिल्लीला पाठवायच्या माणसाचे माप वेगळे ठरले. तो बोलणारा हवा, हात स्वच्छ असलेला हवा आणि मुंबईतल्या कामगाराचे प्रश्न समजणारा हवा. नाथ पै यांच्या वक्तृत्वाचा दबदबा संसदेत होता आणि त्याचा अभिमान इथल्या मतदाराला होता, पण केवळ भाषणावर तीनदा कोणी निवडून येत नाही. कोकण रेल्वेची मागणी त्यांनी संसदेत लावून धरली आणि या मागणीने पुढची चाळीस वर्षे इथल्या प्रत्येक निवडणुकीत ठाण मांडले.

रेल्वे एवढी मोलाची का, हे जुना प्रवास पाहिला की कळते. सावंतवाडीहून मुंबईला जायचे तर वेंगुर्ल्याच्या बंदरात जाऊन आगबोट धरायची, किंवा आंबोलीचा घाट चढून बेळगावला रेल्वे गाठायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. पुढे एसटी आली आणि रात्रभराच्या, कधी त्याहून लांबलेल्या प्रवासाने माणसे मुंबईला जाऊ लागली. भाड्याचा आणि वेळेचा हा बोजा चाकरमान्याच्या पगारातून जाई. शिवाय आंबा, काजू, मासळी वेळेत बाजारात पोहोचत नसे आणि कारखानदार इकडे फिरकत नसे. गावातल्या माणसाला बाहेर जाणे अवघड आणि बाहेरच्या भांडवलाला आत येणे त्याहून अवघड, या कोंडीवर रेल्वे हा उपाय सगळ्यांना पटलेला होता. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या माणसांनी या मार्गाचा ध्यास घेऊन तो प्रश्न लोकांपुढे ठेवला.

१८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै यांचे बेळगावात निधन झाले आणि दोनच महिन्यांत लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली. पूर्वीच्या कुठल्याही निवडणुकीपेक्षा ही निवडणूक उघडपणे आर्थिक धोरणावर होती. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचा वाद पेटला होता आणि इंदिरा गांधींनी गरिबी हटवण्याची घोषणा दिली होती. तनख्यांचा प्रश्न सावंतवाडीत कागदावरचा नव्हता. राजवाडा शहराच्या मध्यावर, मोती तलावाकाठी उभा होता आणि राजघराण्याविषयी लोकांत आपुलकी होती. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसला गेल्या. राजापूरने प्रजासमाजवादी पक्षाचे मधु दंडवते निवडले. त्या वर्षी या पक्षाचे देशभरात दोनच खासदार निवडून आले, त्यांतले एक दंडवते. ते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. म्हणजे उमेदवार घरचा नव्हता. नाथ पैंच्या जाण्याची हळहळ त्यांच्या कामी आली, हे खरेच, पण इंदिरा गांधींच्या आर्थिक कार्यक्रमातला बराच भाग समाजवादी आधीपासून मांडत आले होते, ही गोष्टही महत्त्वाची होती. गरिबीच्या प्रश्नावर मत द्यायला इथल्या मतदाराला पक्ष बदलावा लागला नाही.

आणीबाणीत दंडवते तुरुंगात होते. १९७७ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. विरोधी खासदार काय आणणार, या जुन्या प्रश्नाला आता उत्तर मिळायला हवे होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या बसवण्याचा त्यांचा निर्णय देशभरच्या प्रवाशांच्या पाठीला कळला. १९७४ च्या संपात नोकरी गमावलेल्या रेल्वे कामगारांना परत घेण्यात आले, याचे मोल मुंबईच्या रेल्वे वसाहतींतल्या कोकणी घरांना होते. कोकणात मात्र रूळ आपट्याहून रोह्याकडे सरकले इतकेच. सावंतवाडी अजून शेकडो किलोमीटर दूर होती. तरीही १९८० मध्ये, महागाईवर आणि विशेषतः कांद्याच्या भावावर गाजलेल्या निवडणुकीत जनता पक्षाची वाताहत झाली असताना, दंडवते टिकले. १९८४ मध्ये काँग्रेसने देशात चारशेचा आकडा ओलांडला, तेव्हाही टिकले. मतदाराने त्यांना कामाच्या यादीवर मोजले असते तर हे घडले नसते. माणूस प्रामाणिक आहे आणि मागणी सोडत नाही, एवढा भरवसा पुरेसा ठरत होता.

हा भरवसा ज्या अर्थव्यवस्थेवर उभा होता, ती याच काळात खचली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. तो लांबत गेला आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. मनिऑर्डरी आटल्या, काही चाकरमानी कायमचे गावी परतले. गिरणगावातल्या लाल बावट्याच्या आणि समाजवादी संघटना दुबळ्या झाल्या होत्या, तिथे शिवसेनेच्या शाखा जोर धरत होत्या. पैसा ज्या वाटेने गावी येई त्याच वाटेने राजकारणही आले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिवसेनेने पाय रोवले आणि १९९० मध्ये नारायण राणे मालवणमधून विधानसभेवर गेले.

दरम्यान १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. इतकी वर्षे अडलेला प्रश्न पैशाचा होता, म्हणून तो वेगळ्या रीतीने सोडवला गेला. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा होता. अर्थसंकल्पाच्या तुकड्यांवर वर्षानुवर्षे अवलंबून राहण्यातून मार्ग सुटला. सरकार मात्र वर्षभरही टिकले नाही. १९९१ च्या निवडणुकीत काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले आणि कोकण रेल्वेची बांधणी सुरू असतानाच दंडवते पराभूत झाले. राजीव गांधींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात झालेले मतदान आणि विरोधी मतांत शिवसेनेने घेतलेला वाटा, ही त्यामागची ठळक कारणे होती. रेल्वे येणार हे नक्की झाल्यावर रेल्वेसाठी माणूस पाठवण्याचे कारणही उरले नव्हते.

१९९६ पासून सलग चार निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू जिंकले. ते सनदी लेखापाल आणि सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष, म्हणजे आर्थिक विषयांतला जाणकार ही त्यांची ओळख. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण झाली. सावंतवाडी रोड स्थानक शहरात न येता मळगावला झाले. मग मागण्यांचे रूप पालटले. गाडी आली, पण आपल्याकडे थांबते का? केरळला धावणाऱ्या गाड्यांत आरक्षण मिळते का? सावंतवाडीला टर्मिनस होणार का? जमीन गेली आणि शिट्टी तेवढी ऐकू येते, ही तक्रार निवडणुकीच्या सभांतून वारंवार आली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, त्यामुळे रोजगाराचे आश्वासनही आता गिरणीकडून हॉटेलांकडे वळले.

२००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना होऊन राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ आला. पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत आणि २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे निवडून आले. या काळात आर्थिक वाद जमिनीभोवती फिरला. पूर्वी सावंतवाडी तालुक्यात असलेल्या आणि १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या दोडामार्ग परिसरात कळणेच्या लोहखनिज खाणीवरून संघर्ष झाला. खाणीची नोकरी की बागायत आणि पाणी, असा पेच घराघरात पडला. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींच्या मालकीचा संस्थानी काळापासूनचा गुंता प्रत्येक उमेदवारापुढे मांडला गेला. नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पातून तर २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर सरकारला माघार घ्यावी लागली. दुसरीकडे बांदा, सातार्डा भागातले तरुण रोज गोव्यात कामाला जाऊ लागले. दिल्लीपेक्षा पणजीचा निर्णय त्यांच्या पगाराला जवळचा झाला. जुनी टपाली मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली आणि पैसा थेट बँक खात्यात येऊ लागला.

साठ-सत्तर वर्षांत पक्ष, चिन्हे आणि मतदानाची यंत्रे बदलली. मतदाराची मापेही बदलली : आधी मुंबई, मग रेल्वे, मग जमीन आणि जवळपासचा रोजगार. जोवर मागणी एकच होती आणि ती पूर्ण होण्याची आशा दूरची होती, तोवर मत माणसाच्या भरवशावर दिले गेले आणि एकेक खासदार दीर्घकाळ टिकला. मागणी पूर्ण झाल्यावर हितसंबंध वेगळे झाले. खाणवाला, बागायतदार, हॉटेलवाला आणि गोव्यात काम करणारा तरुण यांना एकच आर्थिक धोरण सोयीचे राहिले नाही. एका नावामागे सगळा तालुका उभा राहण्याचा काळ त्यामुळे मागे पडला.