शिशुशयनवेष्टन

शिशुशयनवेष्टन : तान्ह्या मुलास झोपविताना त्याच्या शरीराची ऊब टिकावी व त्याच वेळी ते अतितप्त होऊ नये, यासाठी वापरण्यात येणारी वस्त्रे, पांघरुणे व गुंडाळण्याच्या पद्धती. प्रौढाच्या मानाने नवजात मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या प्रमाणात सु. तिप्पट असतो, त्वचेखालील चरबी थोडी असते आणि कुडकुडून उष्णता निर्माण करणे त्यास जवळजवळ साधत नाही. मानेभोवती, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये व मूत्रपिंडांभोवती असलेल्या तपकिरी चरबीच्या ज्वलनावर त्याची भिस्त असते. उलट, अंग वस्त्रांत जखडलेले असले म्हणजे उष्णता बाहेर टाकण्यास मुख्यतः डोके व चेहरा एवढेच मोकळे राहतात. मुलाला किती गुंडाळावे हा निर्णय सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो आणि तो घेणारी व्यक्ती बहुधा स्वतःला वाटणाऱ्या थंडीवरूनच तो घेते.

भारतीय वैद्यकग्रंथांत या विषयाची दखल फार पूर्वीच घेतलेली आढळते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बालकास क्षौम वस्त्रात गुंडाळून क्षौम अंथरलेल्या शय्येवर निजवावे आणि पीलू, बोर, कडुनिंब व फालसा यांच्या डहाळ्यांनी वारा घालावा, असे सांगितले आहे. वेष्टन आणि वारा यांची ही जोड लक्षणीय होय. चरकसंहितेत मुलाची अंथरुणे-पांघरुणे मऊ, हलकी व स्वच्छ असावीत, घामाने वा मलमूत्राने दूषित झालेली वापरू नयेत, असा निर्देश आहे. महाराष्ट्रातील बाळंतविड्यात कुंची, टोपडे, झबले, लंगोट व दुपटे ही वस्त्रे परंपरेने येतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचे दुपटे नव्या कापडापेक्षा श्रेयस्कर मानीत. ही समजूत केवळ काटकसरीची नव्हती. विरलेले सुती कापड घाम टिपते आणि त्वचेस खुपत नाही. मात्र शेगडी, धुरी व बंद खोली यांच्या जोडीला हीच वस्त्रे थरावर थर चढविली जात, तेव्हा त्यांचा गुण दोषात रूपांतरित होई.

ग्रीक-रोमन जगात पट्ट्यांनी आवळून बांधण्याची रीत रूढ होती. दुसऱ्या शतकातील एफेससचा वैद्य सोरेनस याने मऊ व स्वच्छ लोकरी पट्ट्या कशा गुंडाळाव्यात याचे तपशीलवार वर्णन केले आहे. अवयवांना सुडौल आकार यावा हा त्यामागील प्रधान हेतू होता, ऊब हा नव्हे. मुलास फळीवजा साधनास करकचून बांधण्याच्या थेसलीतील पद्धतीला मात्र त्याने विरोध केला. सोरेनसनंतर दीड हजारांहून अधिक वर्षे यूरोपातील दायांनी हीच परंपरा चालविली.

तिला पहिला परिणामकारक धक्का १७४८ मध्ये बसला. इंग्रज वैद्य विल्यम कॅडोगन (१७११–९७) याने लंडनच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयासाठी लिहिलेल्या निबंधात पट्ट्या व बंध टाकून देण्याचा आग्रह धरला. बिनबाह्यांची फ्लॅनेलची बंडी, परकर आणि अंगरखा एवढे त्याच्या मते पुरे. रात्रीसाठी सर्व बाजूंनी सैल असा पातळ फ्लॅनेलचा सदरा असावा. पुढे झां झाक रूसो (१७१२–७८) याने एमील (१७६२) या ग्रंथात हाच मुद्दा मानवी स्वातंत्र्याशी जोडला. रूसोची कीर्ती मोठी असली, तरी मुलांच्या दृष्टीने कॅडोगनचा सैल सदरा अधिक उपयोगी ठरला असे म्हणावे लागते.

सैलपणाचा हा विजय अकाली जन्मलेल्या मुलांना मात्र पुरेसा नव्हता. पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात प्रसूतितज्ञ स्तेफान तार्निए (१८२८–९७) याने प्राणिसंग्रहालयातील अंडी उबविण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन १८८० च्या सुमारास ऊबपेटी बसविली. २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांतील मृत्युप्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. वस्त्राऐवजी मुलाभोवतीची हवाच उबदार ठेवण्याची ही सुरुवात होय. वस्त्रांची ऊब मोजण्याची परिमाणे बरीच उशिरा आली : अमेरिकेत १९४१ मध्ये ‘क्लो’ आणि मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये त्याच दशकात ‘टॉग’. आज यूरोपात मुलांच्या शयनपिशव्यांवर टॉग-मूल्य छापलेले असते.

विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड-अमेरिकेत पालकांना मुले पालथी निजविण्याचा सल्ला देण्यात येऊ लागला. बेंजामिन स्पॉक यांच्या विख्यात ग्रंथाच्या १९५८ च्या आवृत्तीतही तो आढळतो. घरे याच सुमारास अधिक उबदार होत होती व रजया जाड होत होत्या. झोपेत आकस्मिक मृत्यू पावणाऱ्या मुलांचे प्रमाण चिंताजनक झाले. इंग्लंडमधील एव्हन परगण्यात पीटर फ्लेमिंग व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालथी झोप व जाड वेष्टन हे दोन्ही धोके दिसून आले. पालथ्या मुलाचा चेहरा अंथरुणात दबला, की उष्णता बाहेर पडण्याची मुख्य वाटच बंद होते. १९९१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये मुले उताणी निजविण्याची मोहीम सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी जुन्या पुराव्याची फेरतपासणी केली. पालथ्या झोपेचा धोका १९७० च्या सुमारासच ओळखता आला असता आणि त्यामुळे ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक, तर यूरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान ५०,००० मुले वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आवळून गुंडाळण्याचा दुसरा दोष नितंबसंधीशी संबंधित आहे. पाय ताणून बांधल्याने सांधा निखळण्याचा संभव वाढतो. जपानमध्ये १९७५ पासून पाय मोकळे ठेवण्याचा प्रचार झाल्यानंतर या विकृतीचे प्रमाण पुष्कळ घटले.

गरीब प्रदेशांत प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. तेथे तापण्यापेक्षा गारठण्याने मुले दगावतात, आणि हे उष्ण हवामानातही घडते. बोगोटा (कोलंबिया) येथे एद्गार रेय व एक्तोर मार्तीनेस यांनी १९७८–७९ मध्ये ऊबपेट्यांच्या टंचाईमुळे कमी वजनाचे मूल आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याचा उपाय योजला. वस्त्र येथे मूल व आई या दोघांभोवती येते. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघर नवजात-सेवा दिली. तीत संसर्गावरील उपचारांबरोबर मुलास उबदार ठेवण्याचे शिक्षणही होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. त्यांच्या साहित्यात तापमापक व कांबळे यांचा अंतर्भाव असतो.

जागतिक आरोग्य संघटना नवजात मुलाचे ३६·५° ते ३७·५° से. हे तापमान प्राकृत मानते. ब्रिटनमध्ये मुलाच्या खोलीसाठी १६° ते २०° से. तापमान सुचविले जाते. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ते वर्षातील फार थोडे दिवस लाभते. त्यामुळे तेथील पिशव्या व पांघरुणांचे कोष्टक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. मूल तापले की गारठले हे हातापायांवरून ठरवू नये, कारण ते एरवीही गार लागतात. छाती, पोट वा मानेमागचा भाग चाचपावा. मानेवर घाम असल्यास एक थर काढावा. टोपड्याबाबत दोन सल्ले परस्परविरोधी भासतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत व कमी वजनाच्या मुलास ते आवश्यक असते. पुढे निरोगी मुलास घरात निजविताना ते काढून ठेवतात, कारण डोके हाच त्याचा उष्णता टाकण्याचा मुख्य मार्ग असतो आणि सरकलेले टोपडे नाकातोंडावर येऊ शकते.