रुपयाच्या नोटेवरचा समुद्र

हिंगोली जिल्हा काळ्या बेसॉल्टच्या थरांवर वसलेला आहे. इथे विहीर खणायची ती पाण्यासाठी. नैसर्गिक वायूची विहीर या मुलखात नाही. तरीही समुद्रात तेल-वायूच्या विहिरी खोदणारं एक यंत्र इथल्या घराघरांत पोहोचलं होतं. हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता, त्या 1980 च्या दशकात एक रुपयाची नोट उलटी केली की मागे समुद्रात उभा ‘सागर सम्राट’ दिसे. 1994 मध्ये या नोटेची छपाई थांबली. 2015 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हाही हे चित्र कायम राहिलं.

‘सागर सम्राट’ जपानमध्ये बांधला गेला. त्याआधी 1964-65 मध्ये सोव्हिएत जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रतळाची पाहणी केली होती. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीत, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, तेल लागलं आणि ‘बॉम्बे हाय’ (आजचं मुंबई हाय) हे नाव देशभर झालं. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर येणारा वायू मात्र सुरुवातीला जाळून टाकावा लागे. 1978 मध्ये उरणपर्यंत वाहिनी आली आणि तो वायू कामी लागला. त्यातूनच पुढे तुर्भे आणि थळच्या कारखान्यांत खत तयार होऊ लागलं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला युरिया देणाऱ्या शेतकऱ्याचं या समुद्राशी नातं जुळतं ते इथे.

पण त्या विहिरींवर लक्ष ठेवायचं कुणी आणि कसं?

समुद्रातल्या बहुतेक वेल प्लॅटफॉर्मवर कुणी राहत नाही. चार पायांवर उभा लोखंडी सांगाडा, त्यावर विहिरींची तोंडं, बाजूला नियंत्रणाचं पॅनेल. जुन्या पद्धतीत तिथे गोल कागदाची नोंदयंत्रं असत. घड्याळाच्या गतीने कागद फिरे आणि शाईच्या लेखण्या दाबाच्या व प्रवाहाच्या रेषा ओढत. तंत्रज्ञ बोटीने किंवा हेलिकॉप्टरने येई, भरलेला कागद काढी, कोरा लावी, दाबमापकाचा काटा डोळ्यांनी पाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट शिडीला लागत नसे. मधल्या दिवसांत काय घडलं, ते कागद हातात आल्यावरच कळे.

बिनतारी यंत्रणेने हा उशीर संपवला. विहिरीच्या तोंडाशी बसवलेले संवेदक दाब आणि तापमान मोजतात. एका पेटीतलं छोटं यंत्र ते आकडे गोळा करतं आणि रेडिओ लहरींवरून तेल-वायूवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मकडे पाठवतं. वीज मिळते सौर पट्ट्यांतून. आभाळ भरून आलं की बॅटऱ्यांनी निभवायचं, म्हणून यंत्र वीज कमीत कमी खाईल असंच बनवावं लागतं. पुढे या विहिरी चालवणाऱ्या ओएनजीसीने ठिकठिकाणची केंद्रं दूरवरून देखरेख करणाऱ्या ‘स्काडा’ प्रणालीने जोडली आणि समुद्रातला दाब किनाऱ्यावरच्या पडद्यावर दिसू लागला.

विहिरीची सुरक्षा मात्र एकट्या रेडिओवर सोडलेली नाही. विहिरीतली समुद्रतळाखालची झडप नियंत्रण नळीतल्या तेलाच्या दाबाने उघडी धरलेली असते. दाब गेला की ती आपोआप मिटते. वर आग लागली तर नळीतली वितळणारी गुडदी वितळते, दाब सुटतो आणि विहीर बंद होते. संदेश पोहोचो वा न पोहोचो.

27 जुलै 2005 च्या दुर्घटनेने या व्यवस्थेची मर्यादा दाखवली. आदल्या दिवशीच्या महापुरातून मुंबई अजून सावरली नव्हती. जखमी स्वयंपाक्याला उतरवण्यासाठी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आलं. धडकेत बाहेरच्या बाजूची वायूची उभी नळी फुटली आणि आग भडकली. झळांनी इतर नळ्याही निकामी झाल्या. झडपा मिटल्या तरी लांबच लांब वाहिनीत भरलेला वायू ज्वाळांना मिळतच राहतो. दोनेक तासांत प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. 362 जण वाचले, 22 जण गेले.

त्यानंतर भारतात समुद्रातल्या कामावर चर्चा झाली ती केवळ यंत्रांची नव्हती. उभ्या नळ्यांना संरक्षण हवं, जहाजाने किती जवळ यावं, खराब हवेत माणूस कसा उतरवावा, हे प्रश्न पुढे आले. पडद्यावरच्या आकड्याची खात्री करायला आजही तंत्रज्ञ वेल प्लॅटफॉर्मवर जातो. संवेदकाशेजारी पारखलेला दाबमापक जोडतो, दोन्ही आकडे ताडून पाहतो आणि फरक असेल तर संवेदक दुरुस्त करून घेतो.