न परतलेली विमानं आणि न नोंदलेली बाळं

हातात मावेल एवढं एक साधं उपकरण डोळ्यांसमोर आणा. एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एका ओळीत पाच हिरवे मणी आणि शेवटी एक लाल. दुसरीत चार हिरवे आणि शेवटी एक लाल. बाळाचं पोट वरखाली होताना बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. पहिली ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी.

हे उपकरण गडचिरोलीत जन्माला आलं. गावातल्या सुईणीला दहापर्यंत मोजता येई, पण पन्नास किंवा साठपर्यंत न चुकता मोजणं जमत नसे. तेव्हा मोजण्याचा भार मण्यांवर टाकला. दिसायला खेळण्यासारखी असलेली ही वस्तू एका मोठ्या शास्त्राच्या वंशावळीत बसते. त्या शास्त्राचं नाव ‘ऑपरेशन्स रिसर्च’. हाताशी माणसं थोडी, पैसा थोडा, वेळ थोडा. अशा वेळी कोणतं काम कुणी, कुठे आणि केव्हा केलं म्हणजे जास्तीत जास्त उपयोग होईल, हे मोजमाप करून ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

हे शास्त्र जन्मलं युद्धात. १९३७-३८च्या सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्यावर बॉडसी इथे रडारचे प्रयोग चालू होते. रडार उत्तम चालत होतं, पण त्यातून मिळालेली माहिती लढाऊ विमानांपर्यंत वेळेत पोचवायची कशी, हा खरा प्रश्न होता. यंत्राचा शोध वेगळा आणि ते यंत्र प्रत्यक्ष कामात कसं वापरायचं याचा शोध वेगळा, हे तिथे लक्षात आलं. पुढे पॅट्रिक ब्लॅकेट यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी सैन्याच्या कामकाजाचा हिशेब मांडायला सुरुवात केली. पाणबुड्यांवर टाकले जाणारे बॉम्ब पाण्याखाली सुमारे शंभर फुटांवर फुटत. विमान दिसल्यावर पाणबुडी नुकतीच बुडी मारत असते, तेव्हा ती इतक्या खोल नसतेच. मग बॉम्ब पंचवीस फुटांवर फुटतील असे लावले आणि हल्ले कितीतरी जास्त यशस्वी होऊ लागले. नवा बॉम्ब नाही, नवं विमान नाही. फक्त एक आकडा बदलला.

याच काळात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात अब्राहम वाल्ड काम करत होते. बॉम्बफेकी विमानांना चिलखती पत्रा लावायचा होता, पण सगळीकडे लावला तर विमान उडणारच नाही. मग कुठे लावायचा? मोहिमेवरून परतलेल्या विमानांना कुठे कुठे गोळ्या लागल्या याची नोंद उपलब्ध होती. जिथे भोकं जास्त, तिथे पत्रा लावावा, असं कुणालाही वाटेल. वाल्ड यांच्या १९४३ मधल्या टिपणांचा गाभा नेमका उलटा होता. ही सगळी भोकं परतलेल्या विमानांवरची आहेत. तिथे गोळी लागूनही ती परत आली. ज्या जागी गोळी लागल्यावर विमान परतच येत नाही, त्या जागेची नोंद तुमच्या वहीत नाही. म्हणून वहीत जे नाही त्याचा हिशेब आधी करा.

हे वाल्ड पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानं द्यायला इथे आले होते. १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. स्वातंत्र्यानंतर हे शास्त्र आपल्याकडेही रुजलं. ब्लॅकेट पंडित नेहरूंचे सल्लागार म्हणून येत राहिले, कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा अभ्यास सुरू झाला आणि १९५७ मध्ये या विषयाची अखिल भारतीय संघटनाही स्थापन झाली. पुढे कारखाने, रेल्वे, पोलाद आणि संरक्षण यांत त्याचा वापर वाढला. पण परत न आलेल्या विमानांचा तो धडा ज्या जागी सर्वांत जास्त लागू पडणार होता, तिथे ना कारखाना होता ना रेल्वेचं मोठं जंक्शन.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. कोळसा, कागद कारखाना, वीजकेंद्र आणि रेल्वे बहुतेक चंद्रपूरकडे राहिली. गडचिरोलीच्या वाट्याला आलं ते जंगल, नद्या आणि दूरदूर पसरलेली लहान गावं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड आजही जगापासून तुटतं. १९८४ मध्ये अमेरिकेतलं शिक्षण संपवून परतलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या जिल्ह्यात आले आणि १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं.

त्यांनी सुरुवातीलाच एक सवय लावून घेतली. दवाखान्यात कोण येतं ते बघून आरोग्याचा अंदाज बांधायचा नाही. गावात जाऊन, दवाखान्यात न येणाऱ्यांना मोजायचं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला; आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. बाळंतपण सोडून ग्रामीण स्त्रीला दुसरा काही आजार असतो, हेच तोवर आरोग्याच्या वहीत नव्हतं.

मग आला लहान मुलांचा न्यूमोनिया. आपल्या खेड्यांत ‘डब्बा झाला’ म्हणून मूल जायचं. डॉक्टरकडे पोचायच्या आत सगळं संपलेलं असे. उपाय ठाऊक होता, औषध स्वस्त होतं. प्रश्न ते वेळेत देणाऱ्या माणसाचा होता. सर्चनं गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. ५८ गावांत हे केलं आणि ४४ गावांशी तुलना केली. उपचार मिळालेल्या ६१२ आजारपणांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धातल्या बॉम्बप्रमाणे इथेही औषध नवं नव्हतं. ते कुणाच्या हातात असावं, एवढाच निर्णय बदलला होता.

तरीही बाळं जात राहिली. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू हा त्यातला सर्वांत अवघड भाग. त्या काळी वैद्यकशास्त्राचं उत्तर ठरलेलं होतं : नवजात बाळ आजारी असेल तर रुग्णालयात न्या. या उत्तरात चूक काय, हे १९९५-९६ मधल्या मोजणीनं दाखवलं. ३९ गावांत ७६३ बाळांवर जन्मापासून महिनाभर घरी जाऊन लक्ष ठेवण्यात आलं. त्यांतल्या ९५ टक्के बाळांचा जन्म घरीच झाला होता. ५४ टक्के बाळांना, म्हणजे चारशेहून अधिक बाळांना, वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरनं पाहिलेली बाळं होती २.६ टक्के. रुग्णालयात दाखल झालेली, अवघी ०.४ टक्के. चाळीस बाळं दगावली.

०.४ टक्के म्हणजे ७६३ पैकी तीन बाळं. रुग्णालयाची वही उघडून या गावांचा अंदाज घेणाऱ्याला तीन आजारी बाळं दिसली असती. ही तीन म्हणजे वाल्ड यांच्या भाषेत परतलेली विमानं. उरलेली चारशे बाळं वहीत नव्हतीच. त्या वहीवर विसंबून नवा वॉर्ड बांधला असता, नवं यंत्र आणलं असतं, तर तो पत्रा चुकीच्या जागी लावल्यासारखाच ठरला असता.

आता हा प्रश्न ऑपरेशन्स रिसर्चच्या पद्धतीनं मांडून बघा. उद्दिष्ट : पहिल्या महिन्यातले मृत्यू कमीत कमी करायचे. अडचणी : बाळंतपण घरात, रस्ता नाही, डॉक्टर मोजके, आणि बाळंतीण व बाळ यांनी पहिले काही दिवस घराबाहेर पडायचं नाही ही रीत. ठरवायचं काय : कुणी जायचं, कोणत्या दिवशी जायचं, सोबत काय न्यायचं. या अडचणी दूर होईपर्यंत थांबायचं नाही. त्या धरूनच उत्तर शोधायचं. बाळ दवाखान्यात येऊ शकत नसेल, तर दवाखान्यानं बाळाकडे जायचं.

पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावच्याच स्त्रिया निवडल्या. बाळंतपणाच्या वेळी सुईणीसोबत हजर राहणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, वजन करणं, ऊब देणं, आईचं दूध सुरू करून देणं हे त्यांना शिकवलं. सर्वांत नाजूक काम जंतुसंसर्ग ओळखण्याचं. प्रयोगशाळा नाही, रक्ततपासणी नाही. नोंदींचा अभ्यास करून सात लक्षणं निवडली गेली : बाळ दूध ओढत नाही, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, उलट्या किंवा पोट फुगलं, अंग गार लागतं, छाती आत ओढली जाते, नाळ चिघळली. यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर उपचार सुरू. एकाच लक्षणावर उपचार करायचा म्हटलं तर निरोगी बाळांनाही सुया टोचाव्या लागल्या असत्या; तीन लक्षणांची वाट पाहिली असती तर काही बाळं हातची गेली असती. चुकीचा इशारा आणि चुकलेलं बाळ यांच्यातला तो तोल होता.

खेड्यातल्या बाईनं नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचं, हे अनेकांना धाडसाचं वाटलं. शंका रास्तच होती. तिचं उत्तर आकड्यांनीच द्यायचं होतं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के होतं, ते २.८ टक्क्यांवर आलं. ३९ गावांतला नवजात मृत्यूदर दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर उतरला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. खर्च आला दर बाळामागे सुमारे सव्वापाच डॉलर, आणि काळजी घेतलेल्या दर अठरा बाळांमागे एक जीव वाचला. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. ही गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि इतकी बारीक देखरेख सगळीकडे शक्य नसते. बांगलादेशात सिल्हेट इथे अशा घरभेटींचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. तिथली घट ३४ टक्के होती. गडचिरोलीपेक्षा कमी, पण दिशा तीच. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारनं हे काम देशभरातल्या आशांकडे सोपवलं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, असं त्यांच्या भेटींचं वेळापत्रक आहे. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं. सुरुवातीच्या भेटी जवळजवळ का, तर नवजात मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात.

२००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची मोजणी ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून पुढे आली. सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू प्रत्यक्षात होतात, असं तो सांगत होता. जंगलातली गळलेली पानं कुणी मोजत नाही. गळलेल्या बाळांचंही तेच होत होतं.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. भामरागड-एटापल्लीकडच्या गर्भवतींना दिवस भरण्याआधीच आणून ठेवण्यासाठी माहेरघरं आहेत. प्रश्न बदलले आहेत, मोठाली गणितं सोडवणारे संगणकही आले आहेत. पण संगणकाला वहीतलेच आकडे कळतात. वहीत कोण नाही हे विचारायला अजूनही माणूसच लागतो, आणि ते विचारण्यासाठी त्याला कुणाच्या तरी उंबऱ्यापर्यंत चालत जावं लागतं. आपल्या तालुक्याचा एखादा चांगला आकडा पुढच्या वेळी वाचनात आला, तर तो कुठे बसून मोजला, एवढं एकदा जरूर विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)